पडद्यावरच्या मिसेस भसीन

१० जानेवारी १९७९

बलबीरो म्हणाली, "कैलाश, नुसतं रडून चालत नाही. तारीखवार लिहून ठेव. वकील पहिलं तेच विचारतो." बलबीरो आमच्या खालच्या मजल्यावर राहते. तिच्या नणंदेची केस कोर्टात वर्षानुवर्षं चालली, त्यामुळे तिला यातलं कळतं. म्हणून आजपासून लिहिते आहे. वकिलाला सोपं जावं म्हणून सगळं नीट सांगते.

माझे मिस्टर तिलकराज भसीन. हिंदी पिक्चरमध्ये बापाचं काम करतात. हिरोचा बाप, हिरॉइनचा बाप, कधी दोघांचाही. आणि त्या सगळ्या पिक्चरमध्ये त्यांची बायको असते ताहिरा. भोपाळची आहे, विधवा आहे, माहीमला राहते. गेली पाच-सहा वर्षं एकही पिक्चर असा नाही की ज्यात हे आहेत आणि ती नाही. सुरुवातीला मला त्याचं काही वाटायचं नाही. धंदा आहे, कोणीतरी असणारच. पण मग यांनी जेलरचं काम केलं, तर जेलच्या ऑफिसात ही बसलेली, स्वेटर विणत! बोटीचे कप्तान झाले, तर ही भर समुद्रात डबा घेऊन उभी. मी विचारलं, "कप्तानाची बायको बोटीवर कशाला?" तर म्हणाले, "हो, मीठ जरा कमी आहे." विषय कसा बदलावा हे यांच्याकडून शिकावं.

लुधियान्याला माझ्या चुलतभावाच्या लग्नात एका बाईंनी यांना विचारलं, "भसीनसाहेब, मिसेसना आणलं नाही?" मी यांच्या शेजारी उभी होते, हातात यांचाच कोट. त्या बाईंनी मला पाणी आणायला सांगितलं. हेही लिहून ठेवते.

१३ जानेवारी

लोहडी. गच्चीवर शेकोटी पेटवली, रेवड्या, गजक, मक्याची रोटी आणि साग. अमृतसरहून जेठजी, यांचे थोरले भाऊ, आलेत. ते ठार बहिरे. लोकांनी आग्रह केला म्हणून मी त्यांची नक्कल करून दाखवली. कोणी "भाईसाहेब, चहा?" म्हटलं की ते "मंगळवारी" म्हणतात, तशी. सगळे पोट धरून हसले. जेठजीसुद्धा हसले, कशाला ते त्यांना कळलं नाही. फक्त आमचे हे हसले नाहीत. रेवडी चघळत शेकोटीकडे बघत बसले. एकेकाळी माझ्या नकलांवर फिदा होते. आता माझं काहीच आवडत नाही.

बलबीरो म्हणाली, "माणसाचं मन दुसरीकडे असलं की असंच होतं."

१७ जानेवारी

आज परीक्षा घेतली. हे गॅलरीत पेपर वाचत होते. मी स्वयंपाकघरातून म्हटलं, "सिलिंडर संपलाय." म्हणाले, "छान." मी म्हटलं, "बेबीचं पत्र आलंय दिल्लीहून, तिला बरं नाही." (हे खोटं होतं. पोरगी ठणठणीत आहे, देव करो.) म्हणाले, "वा वा." मग मी पदराने डोळे पुसत गॅलरीच्या दाराशी येऊन म्हटलं, "मी विहिरीत उडी टाकायला जाते आहे." पेपरावरून एकदा माझ्याकडे बघून म्हणाले, "छत्री घेऊन जा."

जानेवारीत!

नंतर रेडिओ लावला. बातम्या इतक्या मोठ्याने की बलबीरो खाली स्वतःचा रेडिओ लावतच नाही. माझा आवाज कानावर पडू नये म्हणून ही सगळी युक्ती. रात्री झोपतानाही उजव्या कुशीवर, माझ्याकडे पाठ. मी पाठीशी बोलते. पाठ घोरते.

२४ जानेवारी

बलबीरोला घेऊन यांचा नवा पिक्चर पाहून आले. आज मी गोष्टीकडे बघितलंच नाही, फक्त हातांकडे बघितलं. मुलगा घर सोडून जातो, ताहिराचा हात यांच्या दंडावर. मुलगा परत येतो, दंडावर. डॉक्टर म्हणतो "आता दुआच करा", ती यांचा दंड दाबते आणि मगच हे बोलतात. एका गाण्यात तर तिने यांच्या तळहातावर बोटाने खाजवलं. खाजवलं! सगळ्या देशासमोर! आणि हे सारखे तिच्या तोंडाकडे बघतात. हिरो शेजारी मरायला टेकलाय, तरी बघतात ते तिच्याकडे.

मागच्या रांगेतली एक बाई हुंदके देत म्हणाली, "नवरा-बायको असावेत तर असे." बलबीरोने मागे वळून तिला असं पाहिलं की ती मध्यंतरानंतर दुसरीकडे जाऊन बसली.

मी घरी येऊन यांना विचारलं, "ती तुमच्या नेहमी उजव्या बाजूलाच का उभी असते?" हे म्हणाले, "दोन पोळ्या पुरे."

२ फेब्रुवारी

प्रोड्यूसर मेहंदीरत्ता आले होते. स्वतःच दिग्दर्शनही करतात. मोठी लठ्ठ असामी, सोफा कुरकुरतो. यांच्यासाठी न्यायाधीशाचं काम घेऊन आले होते. मोठं काम, शेवटी पाच मिनिटांचा निकाल, टाळ्याच टाळ्या. मी आतल्या दारात उभी राहून ऐकत होते, मला वाटलं, आता तरी सुटका. कोर्टात ती कशी येईल?

हे सगळं त्यांच्या तोंडाकडे बघत लक्ष देऊन ऐकत होते. मग म्हणाले, "न्यायाधीशाची बायको कोण?"

मेहंदीरत्ता म्हणाले, "बायको कशाला? सगळे सीन कोर्टातले."

"शेजारी बसेल."

"न्यायाधीशाच्या शेजारी? खुर्चीवर?"

"स्टूल चालेल."

मेहंदीरत्तांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत दया होती, मला चांगली कळली. यांनी काम सोडलं. पाच मिनिटांचा निकाल सोडला, पण तिला सोडलं नाही. वकिलाने या तारखेखाली रेघ मारावी.

९ फेब्रुवारी

देवाने ऐकलं! ताहिरा जाते आहे. तिचा मुलगा कुवेतला नोकरीला आहे, त्याने कायमचं बोलावून घेतलंय. मेहंदीरत्तांच्या चालू पिक्चरमधलं उरलेलं काम उरकून महिन्याच्या अखेरीस विमानात बसणार. मेहंदीरत्तांच्या बायकोने फोनवर सांगितलं. मी लगेच शिरा केला.

हे घरी आले ते बूट न काढता पलंगावर बसून राहिले. शिऱ्याला हात लावला नाही. मी बघते तर डोळ्यांत पाणी. माझी आई गेली तेव्हा या माणसाने फक्त घसा खाकरला होता.

१० फेब्रुवारी

आजही जेवले नाहीत. राजमा केला होता. मीच खाल्ला.

१४ फेब्रुवारी

आज मी गेलेच. टॅक्सी करून थेट अंधेरीला स्टुडिओत. साक्षीदार म्हणून बलबीरो बरोबर. पण फाटकातून आत शिरताच हिरो समोर दिसला आणि माझा साक्षीदार त्याच्या मागे निघून गेला. ती परत भेटली ते टॅक्सीत बसतानाच.

सेटवर घर उभारलेलं, आमच्या घरापेक्षा चांगलं. हे आणि ताहिरा सोफ्यावर. हिरो यांच्या पाठीमागे उभा राहून बोलत होता. त्याचं बोलणं संपलं, तिने दंड दाबला, हे लगेच बोलायला लागले. मी दिव्यांच्या मागे उभी राहून दात-ओठ खात होते.

जेवणाची सुट्टी झाली तशी मी तिच्या मेकअपच्या खोलीत घुसले. टॅक्सीत मोठं भाषण पाठ केलं होतं. तोंडातून एवढंच निघालं: "माझ्या नवऱ्याचा हात सोडा."

ती पान लावत होती. जवळून पाहिली तर माझ्यापेक्षा मोठीच असेल. गुडघ्यांना पट्ट्या बांधलेल्या. म्हणाली, "बसा ना भाभी."

"मी बसायला आले नाही."

"हात सोडला तर ते बोलणार कधी?"

"म्हणजे?"

तिने पान खाली ठेवलं. "या अल्ला. तुम्हाला माहीत नाही?"

"मलाच काय, अख्ख्या देशाला माहीत आहे! सगळ्या थिएटरांत दिसतंय!"

"भाभी, त्यांना ऐकू येत नाही."

मला राग आला. मी म्हटलं, "माझं ऐकू येत नाही, तुमचं बरं ऐकू येतं!"

"माझंही येत नाही. म्हणून तर हात." आणि शांतपणे सांगू लागली. डाव्या कानाने अजिबात नाही. उजव्याने थोडं, तेही समोर तोंड दिसत असलं तर. समोरच्याचं वाक्य संपलं की ती एकदा दाबते, म्हणजे बोला. दोनदा दाबलं की थांबा. तळहातावर खाजवलं की कोणीतरी प्रश्न विचारलाय, नुसती मान हलवा.

"तुम्हाला यांनी सांगितलं, आणि मला नाही?"

"त्यांनी कुठे सांगितलं? मला कळलं." ती म्हणाली. हे वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं. "तेव्हा मला काम मिळत नव्हतं, मुलगा शाळेत होता. हे प्रत्येक प्रोड्यूसरशी भांडायचे, माझी बायको घाला म्हणून. त्यांना माझा हात हवा होता, मला काम. दोन घरं चालली, भाभी. याच्यापुढे काही नाही. असतं, तर मी या वयात कुवेतला कशाला निघाले असते?"

माझा विश्वास बसेना. तिने दाराकडे बोट दाखवलं. बाहेर अंगणात हे खुर्चीवर बसून संत्रं सोलत होते, आमच्याकडे पाठ. "हाक मारा," ती म्हणाली.

मी मारली. "अहो!" माझा आवाज कसा आहे हे आमच्या खारमध्ये सगळ्यांना माहीत आहे. दिवेवाला वळला. जेवण वाढणारा वळला. हिरो वळला, त्याच्याबरोबर बलबीरो वळली. यांनी एक फोड तोंडात टाकली, बी थुंकली आणि पुढची फोड सोलली.

१५ फेब्रुवारी

आज लिहिण्यासारखं काही नाही.

१६ फेब्रुवारी

सकाळी चहा घेऊन यांच्या समोर बसले. अगदी समोर, उजव्या अंगाला. म्हटलं, "मला कळलंय."

"काय?"

मी कानावर हात ठेवला.

यांचा चेहरा इतका उतरला की माझी सगळी भांडणाची तयारी वाया गेली. बशीत चहा ओतत राहिले, बशी भरून वाहिली. मी विचारलं, "मला का नाही सांगितलंत?"

म्हणाले, "तू भाईसाहेबांची नक्कल करतेस."

मी म्हटलं, "ते वेगळं. ते खरोखरच बहिरे आहेत."

म्हणाले, "मीही."

मी फडकं आणून चहा पुसला.

मग सगळंच बाहेर आलं. धंद्यात कळलं तर एकही काम मिळणार नाही. फिल्म महाग, दहादा एक शॉट घ्यायला कोणाकडे पैसा आहे? म्हणून आजवर डॉक्टरकडेसुद्धा गेले नाहीत, कोणी पाहिलं तर? आता ताहिरा गेली की सगळं उघडं पडणार, या भीतीने घास उतरत नाही. मी म्हटलं, "आणि मी विहिरीत उडी टाकते म्हटलं, तेव्हा छत्री?"

"तू बाहेर निघालेली दिसलीस. डोळे पुसत होतीस. मला वाटलं, ऊन लागतंय."

दुपारी राजमा केला. यांनी दोनदा घेतला.

२० फेब्रुवारी

नवीन घोळ. ताहिराचं तिकीट अलीकडचं निघालं, परवा जाणार. मेहंदीरत्तांनी पिक्चरमध्ये तिला मारून टाकली. भिंतीवर फोटो, फोटोला हार. आता मुलीच्या पाठवणीचा सीन यांनी एकट्याने करायचा आहे. पिक्चरमधला सगळ्यात मोठा सीन. मुलगी यांच्या खांद्यात तोंड खुपसून बोलणार, म्हणजे ओठही दिसणार नाहीत. ते बोलणं संपलं की यांचं भाषण.

मी ताहिराला फोन केला. मीच! म्हटलं, "आपा, मला शिकवा."

संध्याकाळी आली. आमच्या जेवणाच्या टेबलाशी ती हे झाली आणि मी ती झाले. बलबीरो मुलगी झाली आणि ताहिराच्या खांद्यावर डोकं ठेवून इतकी रडली की तिलाच थांबवायला दोनदा दाबावं लागलं.

"हळू, भाभी," ताहिरा सारखी म्हणत होती. "दंड आहे, कणीक नाही."

हे सोफ्यावर बसून बघत होते. काय चाललंय ते बहुतेक अर्धंच कळलं असेल, पण हसत होते. जाताना ताहिराने माझा हात धरला. "उजव्या बाजूला उभी राहा. डावीकडची माणसं त्यांना नुसती दिसतात."

मी तिला पिन्न्यांचा, आमच्या पंजाबी लाडवांचा, डबा दिला. टॅक्सी वळेपर्यंत हे फाटकाशी उभे होते. मीही होते.

२६ फेब्रुवारी

मेहंदीरत्तांना सांगितलं, मला एकदा पडद्यावर यायची हौस आहे, लग्नाच्या घोळक्यात उभी करा. ते म्हणाले, "वा भाभीजी, या की." मला हिरवी साडी, मोठी नथ, आणि यांच्या उजवीकडे मुलीची मावशी म्हणून जागा. सगळं मनासारखं. मग ऐन वेळी कोणीतरी माझ्या हातात आरतीचं ताट दिलं. नारळ, दिवा, हळदकुंकू, दोन्ही हात भरलेले. मी ताट खाली ठेवायला गेले तर दिग्दर्शकाचा मदतनीस ओरडला, "मावशी, ताट वर!"

कॅमेरा सुरू झाला. मुलगी यांच्या खांद्यात तोंड खुपसून बोलायला लागली. बोलली, बोलली, रडली. थांबली. हे गप्प. हे फोटोकडे बघतायत, वाट बघतायत. माझ्या हातात नारळ. सेटवर इतकी शांतता की दिव्याची वात तडतडलेली ऐकू आली, अर्थात मला. मला दुसरं काही सुचेना. मी यांच्या पायावर पाय दिला. सगळं वजन टाकून.

"हाय रब्बा!" हे किंचाळले, डोळ्यांतून घळाघळा पाणी, आणि त्या पाण्यातच सगळं भाषण म्हणून टाकलं. एक शब्द चुकला नाही. मुलगी खरीखुरी रडायला लागली. मागे बँडवाल्यांचा घोळका होता, त्यातला एकजण डोळे पुसत होता.

"कट! ओके!" मेहंदीरत्ता धावत आले, यांना मिठी मारली. मग माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "भाभीजी, पाय जरा जड पडला. पण वेळ अचूक."

"तुम्हाला माहीत आहे?"

"सगळ्यांना माहीत आहे. हिरो मुद्दाम उजवीकडून येतो. दिवेवाला यांच्यासाठी वाक्य संपलं की हात वर करतो, ताहिरा नसेल तेव्हा. न्यायाधीशाच्या कामात मी स्टूलही घातलं असतं हो, पण सेन्सॉरवाले काय म्हणाले असते? भसीनसाहेबांना वाईट वाटेल म्हणून कोणी बोलत नाही. तुम्हीही बोलू नका."

एवढ्या वर्षांत कळलं नव्हतं ते एकटीला. मला.

मी बोलले. घरी आल्यावर पायाला हळद लावता लावता, समोर बसून, सगळं सांगितलं. यांनी सुजलेला अंगठा हलवून पाहिला. मग म्हणाले, "मग मी इतकी वर्षं ऐकू येण्याचा अभिनय करत होतो, तो कोणासमोर?"

"माझ्यासमोर," मी म्हटलं.

जरा विचार करून म्हणाले, "जमला होता?"

मी म्हटलं, "इतका, की मी वकील बघत होते." हे त्यांना एकदाच सांगून समजलं. माझा हळदीचा हात धरून हसले ते थांबेनात. मलाही मग थांबता येईना.

८ मार्च

गेल्या आठवड्यात डॉक्टरकडे गेलो, उघडपणे, टॅक्सी दारात उभी करून. आज यंत्र मिळालं. खिशात काडेपेटीएवढी डबी आणि कानापर्यंत वायर. मेहंदीरत्ता म्हणाले, "काळजी नको, यापुढे ठाकूरच करा. पगडीखाली रेडिओ स्टेशन लपेल." पुढच्या पिक्चरमध्ये ठाकूर आहेत. विधुर.

हे दिवसभर यंत्र लावून घरात फिरले. नळ ऐकला. कबुतरं ऐकली. दाराची कडी लावून काढून पुन्हा लावली. बलबीरोचं आणि तिच्या सुनेचं भांडण गॅलरीतून पूर्ण ऐकलं आणि मला येऊन सांगितलं की चूक सुनेची नाही. मी आपली नेहमीसारखी कामं करत होते, पीठ चाळत, भाजी निवडत, बोलत.

दिवेलागणीला स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. म्हणाले, "कैलाश, तू दिवसभर एवढं बोलतेस?"

मी म्हटलं, "रोज."

मला वाटलं, आता यंत्र काढतील. त्यांनी स्टूल ओढलं, ओट्याशी बसले, खिशातल्या डबीचा आवाजाचा खटका थोडा पुढे सरकवला.

"मग माझं बरंच ऐकायचं राहून गेलंय," म्हणाले. "सांग."

मी भाजीखालचा गॅस बारीक केला आणि मागल्या चार दिवाळ्यांपासून सुरुवात केली.